चांदमारीच्या माळावरून दहा मीटरच्या हॉलमध्ये

आपल्या सांगलीच्या मंडळातल्या नेमबाजी विभागाचा इतिहास लिहायला घेतला आणि जुनी इतिवृत्ते काढली, तेव्हा त्यांत पदकांची पाने थोडी आणि भिंती, पत्रे, दिवे, कड्या-कुलुपे यांची पाने फार निघाली. कोणत्या खिडकीत वीट भरायची, लक्ष्यांमागच्या पत्र्याला किती उतार द्यायचा, कपाटाची दुसरी किल्ली कोणाकडे ठेवायची, यावर कार्यकारिणीच्या सभांमध्ये जेवढा खल झाला तेवढा कोणत्याही खेळाडूच्या निवडीवर झालेला नाही. मला हाच आपला खरा इतिहास वाटतो. पदके मुलांनी मिळवली, त्यांचे श्रेय त्यांचे. मंडळाने केले ते एवढेच की, ज्या जागेत मुलांच्या हाती बंदूक द्यायची ती जागा आधी निर्धोक केली. ते कसे घडले, ते नव्या सभासदांना कळावे म्हणून हा लेख.

आपल्या भागात बंदूक ही खेळाची वस्तू कधीच नव्हती. ८ सप्टेंबर १८५७ रोजी साताऱ्याच्या गेंडामाळावर सतरा जणांना देहदंड झाला, काहींना फाशी देऊन, काहींना गोळ्या घालून, काहींना तोफेच्या तोंडी देऊन. पुढे १८७८ च्या शस्त्र कायद्याने सामान्य माणसाच्या घरातले हत्यार सरकारी परवान्याखाली आले. बेचाळीसच्या चळवळीत क्रांतिसिंह नाना पाटलांचे प्रतिसरकार आणि कुंडलची तुफान सेना उभी राहिली. २४ जुलै १९४३ रोजी वसंतदादा पाटील आणि त्यांचे सहकारी पहारेकऱ्यांच्या बंदुका हिसकावून सांगलीच्या तुरुंगातून निसटले, तेव्हा दादांच्या खांद्यात गोळी शिरली. ही हकिगत आपल्याकडे घरोघरी सांगितली जाते. त्या वेळी सातारा आणि आजच्या सांगलीचा बराचसा मुलूख एकाच जिल्ह्यात होता. १९४९ मध्ये ‘दक्षिण सातारा’ वेगळा झाला आणि १९६० मध्ये त्याचे नाव सांगली पडले. अशा मुलखात बंदूक म्हटली की लोकांच्या डोळ्यांसमोर एक तर पोलीस येई, नाहीतर भूमिगत कार्यकर्ता. ती घेऊन शाळकरी मुलगी शिस्तीत उभी राहील आणि घरचे तिचे कौतुक करतील, हे आजोबा-पणजोबांच्या पिढीला पटले नसते.

या हत्याराला खेळाच्या नियमात बसवणारी देशपातळीवरची संस्था एका मराठी माणसाच्या पुढाकाराने उभी राहिली, याची जाण आपल्याकडे कमी आहे. गणेश वासुदेव मावळणकर, म्हणजे दादासाहेब, लोकसभेचे पहिले अध्यक्ष. घराणे मूळचे रत्नागिरी जिल्ह्यातले, जन्म बडोद्याचा, वकिली आणि सार्वजनिक आयुष्य अहमदाबादचे. गांधीजींच्या सहवासात वाढलेल्या या माणसाने १९५१ मध्ये नॅशनल रायफल असोसिएशन ऑफ इंडियाची स्थापना केली. अहिंसा मानणाऱ्याने रायफलची संघटना काढावी, यात मला विसंगती दिसत नाही. नुकत्याच स्वतंत्र झालेल्या देशातल्या नागरिकाला शस्त्र हाताळण्याची शिस्त यावी, ही त्यामागची इच्छा उघड आहे. राष्ट्रीय स्पर्धेआधीच्या निवड स्पर्धेला त्यांचेच नाव आहे. आपली मुले ‘मावळणकर खेळून आलो’ म्हणतात ती हीच स्पर्धा. पुढच्याच वर्षी, १९५२ मध्ये, हेलसिंकीच्या ऑलिंपिकमध्ये हरिहर बॅनर्जी यांच्यासारखे भारतीय नेमबाज उतरले. त्याच ऑलिंपिकमध्ये आपल्या गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी कुस्तीत कांस्यपदक मिळवले. साहजिकच कृष्णाकाठाने कुस्तीचा आखाडा धरला. नेमबाजी आपल्याकडे यायला आणखी काही पिढ्या जाव्या लागल्या.

मधल्या काळात जी काही नेमबाजी होती ती एनसीसीची. महाविद्यालयात दोन-तीन वर्षांत एखाद-दुसऱ्या वेळी .२२ ची रायफल हातात यायची. गावाबाहेर चांदमारीच्या माळावर मातीचा उंच बांध, पुढे लाकडी चौकटीवर कागद, जमिनीवर ताडपत्री. कॅडेटने पालथे पडायचे, हवालदारसाहेबांनी मोजून दिलेल्या गोळ्या झाडायच्या आणि रिकामी पुंगळी परत द्यायची. साताऱ्यात २३ जून १९६१ रोजी देशातली पहिली सैनिक शाळा सुरू झाली आणि शिस्तबद्ध सैनिकी शिक्षण शहराच्या ओळखीचा भाग झाले. पण बाहेरच्या मुलाला त्याचा लाभ नव्हता. .२२ ला परवाना लागतो, दारूगोळ्याचा हिशेब द्यावा लागतो, मोकळा माळ लागतो, पाऊस नसलेला दिवस लागतो. एवढे सगळे जुळवणे कोणत्याही व्यायाम मंडळाच्या आवाक्याबाहेरचे होते.

वाट मोकळी केली ती हवेच्या बंदुकीने. १९८४ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये दहा मीटर एअर रायफल आली, १९८८ च्या सोलमध्ये एअर पिस्तूल. दारू नाही, धूर नाही, दणका नाही. दाबलेल्या हवेच्या जोरावर ४.५ मिलिमीटर व्यासाचा, जेमतेम अर्ध्या ग्रॅमचा शिशाचा छर्रा सुटतो. जत्रेत फुगे फोडणारी बंदूक सर्वांनी पाहिलेली असते. जातकुळी तीच, पण अचूकतेत जमीन-अस्मानाचा फरक. एअर रायफलच्या लक्ष्यावरचा दहा गुणांचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा, मोहरीच्या दाण्याहूनही लहान. साडेपाच किलोपर्यंतची रायफल उभ्याने खांद्याला लावून, सव्वा तासात साठ वेळा, त्या ठिपक्याचा वेध घ्यायचा. श्वास, नाडी, पोटऱ्यांचे स्नायू आणि मन यांची ती परीक्षा आहे. आणि ती छपराखाली, बंद हॉलमध्ये, बाराही महिने घेता येते.

महाराष्ट्रात या खेळाचे दार मुलींनी उघडले, हे ठासून सांगितले पाहिजे. मुंबईच्या अंजली भागवत २००० मध्ये सिडनीच्या ऑलिंपिकमध्ये एअर रायफलच्या अंतिम फेरीत पोचल्या. सुमा शिरूर २००४ मध्ये अथेन्सला अंतिम फेरीत होत्या. मग शेजारच्या कोल्हापुरातून तेजस्विनी सावंत पुढे आली. दुधाळी मैदानाच्या साध्या रेंजवर, जयसिंग कुसाळे सरांच्या हाताखाली ती घडली. २००६ मध्ये मेलबर्नच्या राष्ट्रकुल स्पर्धेत तिने दहा मीटर एअर रायफलचे सुवर्ण जिंकले, २०१० मध्ये म्युनिकला ५० मीटर प्रोन प्रकारात ६०० पैकी ५९७ गुण करून ती जगज्जेती झाली. तिच्याच शहरातल्या राही सरनोबतने २०१८ च्या आशियाई स्पर्धेत २५ मीटर पिस्तुलाचे सुवर्ण आणले. मधे २००८ मध्ये बीजिंगला अभिनव बिंद्राने दहा मीटर एअर रायफलमध्येच भारताचे पहिले वैयक्तिक ऑलिंपिक सुवर्ण मिळवले होते. त्याच्या घरी स्वतःची रेंज होती, हे वाचून ‘हा श्रीमंतांचा खेळ’ असे पालक म्हणत. तेजस्विनीने ते तोंड बंद केले. कोल्हापूर सांगलीपासून तासा-दीड तासाच्या अंतरावर. आपल्या मंडळात मुली येऊन विचारू लागल्या त्या म्युनिकनंतर. ‘सर, इथे रायफल शिकवता का?’ उत्तर नाही असे होते, आणि ते देताना बरे वाटत नसे.

तेव्हा सभेत ठराव आला. पैशाचा प्रश्न होताच, पण त्याहून मोठा आक्षेप ज्येष्ठांचा होता. वरच्या मजल्यावरच्या हॉलमध्ये योगासने चालतात, खाली लहान मुलांचा मल्लखांब आहे, अशा इमारतीत बंदूक आणायची कशी? आक्षेप रास्त होता. तो कुणी हसण्यावारी नेला नाही, हे त्या सभेचे मोठेपण. ठराव मंजूर झाला तो एका अटीवर. आधी जागा निर्धोक करायची, तज्ज्ञाला दाखवायची, मग पहिली रायफल विकत घ्यायची. त्या अटीमुळे आपला आरंभ बराच लांबला आणि त्या लांबण्याचा फायदा आजवर मिळतो आहे.

पहिला वाद तळमजला की वरचा मजला यावर झाला. तळमजला सोयीचा होता, सामान चढवायला नको. पण २००५ चा पूर पाहिलेल्यांनी एकमुखाने वरचा मजला मागितला. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली, तेव्हा खालची मल्लखांबाची माती, गाद्या, दप्तरे सगळे गेले. वरच्या रायफली कोरड्या राहिल्या. सांगलीत कोणतीही क्रीडासंस्था उभारताना नकाशात पुराची रेषा आधी आखावी, हे यापुढे सांगायला लागू नये.

हॉलची लांबी मोजली. उभे राहण्याच्या रेषेपासून लक्ष्याच्या कागदापर्यंत बरोबर दहा मीटर, लक्ष्यामागे छर्रे पकडणाऱ्या पेट्यांना आणि भिंतीला मीटरभर, रेषेमागे नेमबाजाच्या साहित्याला, प्रशिक्षकाला आणि बसणाऱ्यांना चार-पाच मीटर. सोळा मीटरचा हॉल असेल तर काम होते. प्रत्येक नेमबाजाला किमान एक मीटर रुंदी लागते, आपण थोडी जास्त ठेवली, कारण नवशिका मुलगा वळतो तेव्हा नळीही त्याच्याबरोबर वळते. लक्ष्याचा मध्य जमिनीपासून १.४० मीटरवर. हे आकडे आंतरराष्ट्रीय नियमांतले आहेत आणि त्यांत सवलत नाही. इथे सरावलेली मुलगी पुण्याला बालेवाडीच्या रेंजवर उभी राहिली की तिला लक्ष्य परके वाटता कामा नये.

लक्ष्यांमागे सुरुवातीला सरळ उभा लोखंडी पत्रा होता. चाचणीच्या काळात एका संध्याकाळी छर्रा कागद भेदून पत्र्यावर आपटला आणि उलटा येऊन नेमबाजाच्या पायाशी टपकला. कुणाला लागले नाही. पण प्रशिक्षकांनी तो चपटा झालेला शिशाचा तुकडा उचलून त्याच रात्री कार्यकारिणीच्या टेबलावर ठेवला आणि रेंज बंद केली. वर्ग सुरू झालेले नव्हते म्हणून प्रकरण तेवढ्यावर निभावले. मग स्थानिक फॅब्रिकेटरकडून तीन मिलिमीटर जाडीच्या पोलादी पत्र्याच्या पेट्या करून घेतल्या. पत्र्याची वरची कड नेमबाजाच्या बाजूला झुकलेली, त्यामुळे छर्रा आपटला की खालीच वळतो आणि तळाच्या ट्रेमध्ये पडतो. पेट्यांच्या मागे अख्ख्या भिंतीला प्लायवूड आणि त्यावर जाड रबर, चुकलेला छर्रा तिथे रुतून बसावा म्हणून. लक्ष्याच्या बाजूच्या दोन्ही खिडक्यांत वीट भरली. पुढच्या अंगाला एक दार होते, ते आतून कडी घालून कायमचे बंद केले. आता हॉलमध्ये यायचे दार एकच, आणि तेही रेषेच्या मागे. गोळीबार चालू असताना दारावर लाल दिवा लागतो. हा दिवा बसवायला सर्वांत कमी खर्च आला आणि उपयोग सर्वांत जास्त झाला.

उजेडाचे काम वाटले त्याहून किचकट निघाले. लक्ष्यावर किमान १५०० लक्स उजेड हवा, हॉलमध्ये ३००. डोळ्यांना जो भरपूर वाटतो तो उजेड लक्समापकावर निम्मादेखील भरत नाही. एका महाविद्यालयाच्या भौतिकशास्त्र विभागाकडून आपण तो मापक उसना आणला आणि दिवे पुढे-मागे सरकवत दोन संध्याकाळी घालवल्या. दिव्याची चमक नेमबाजाच्या डोळ्यात जाऊ नये म्हणून पुढे आडवी फळी लावली. पंखे फक्त रेषेच्या मागे, कारण पुढे वारा लागला की कागदी लक्ष्य फडफडते. एप्रिल-मेच्या सांगलीत कॅनव्हासचे जाड जाकीट आणि ट्राउझर घालून तासभर उभे राहणाऱ्या मुलांची सहनशक्ती पाहिलेल्यांनाच कळेल. एका देणगीदारांनी छपराखाली उष्णतारोधक थर बसवून दिला, त्याचे ऋण मोठे आहे.

शिशाबद्दल सविस्तर लिहितो, कारण याकडे सगळीकडे दुर्लक्ष होते. एका खेळाडूचे सरावासकट एका बैठकीत ऐंशी छर्रे झाले तर चाळीस ग्रॅमच्या वर शिसे झाले. दिवसाला वीस मुले आली तर पाऊण किलोहून जास्त. छर्रा आपटून फुटतो तेव्हा त्याची करडी भुकटी पेट्यांभोवती बसते. आपल्या मावशी नेहमीप्रमाणे केरसुणीने झाडायच्या आणि ती भुकटी हवेत उडायची. शिसे शरीरात साठते आणि लहान मुलांच्या मेंदूच्या वाढीला त्याचा सर्वांत जास्त धोका. हे कळल्यावर कोरडा झाडू बंद झाला. पेट्यांभोवती ओल्या फडक्यानेच पुसायचे, मावशींना हातमोजे आणि मास्क, फडकी वेगळ्या बादलीत. साठलेले शिसे झाकणबंद डब्यात ठेवून भंगार शिसे रीतसर घेणाऱ्यालाच द्यायचे. मुलांसाठी तीन नियम: हॉलमध्ये खाणे-पिणे नाही, छर्रे तोंडात धरायचे नाहीत, घरी जाण्यापूर्वी साबणाने हात धुवायचे. छर्रे तोंडात धरण्याची सवय जुन्या लोकांना असते, ते मुलांसमोर तसे करताना दिसले तर त्यांनाही सांगावे. वयाचा मान राखून, पण सांगावे.

बंदूक हाताळण्याचे नियम हॉलमध्ये मोठ्या अक्षरांत लावले आहेत. त्यांचा गाभा असा: नळी सदैव लक्ष्याच्या दिशेने, रेषेवर येईपर्यंत आणि रेषा सोडताना नळीत रंगीत दोरी, म्हणजे सेफ्टी फ्लॅग, ‘लोड’ ऐकल्याशिवाय छर्रा भरायचा नाही, ‘स्टॉप’ ऐकल्यावर चापावरचे बोट त्याच क्षणी बाहेर, सगळ्यांच्या नळ्यांत दोरी दिसल्याशिवाय कुणीही रेषेच्या पुढे जायचे नाही, लक्ष्य अडकले असले तरी नाही. ‘स्टॉप’ कुणीही म्हणू शकतो, आठ वर्षांचा मुलगाही. एकदा एका लहान मुलीने ‘स्टॉप’ ओरडून सगळी रेंज थांबवली होती, कारण तिला दार उघडल्याचा भास झाला. दार बंदच होते. प्रशिक्षकांनी सगळ्यांसमोर तिला शाबासकी दिली.

कायद्याची बाजू थोडक्यात. २०१६ च्या शस्त्र नियमांनुसार ४.५ मिलिमीटरपर्यंतच्या नळीच्या आणि २० जूलपर्यंत ऊर्जेच्या एअर गनला परवाना लागत नाही. स्पर्धेच्या रायफली त्या मर्यादेच्या बऱ्याच खाली असतात. तरीही आपण प्रत्येक रायफल-पिस्तुलाचा क्रमांक नोंदवहीत लिहितो, रात्री सगळी साधने लोखंडी कपाटात, दोन कुलुपांत, दोन वेगळ्या व्यक्तींकडे किल्ल्या. परवाना लागत नाही याचा अर्थ जबाबदारी लागत नाही असा नव्हे. हवेच्या नळकांड्यांचेही तसेच. त्यांत २०० बार किंवा त्याहून जास्त दाब असतो, प्रत्येकावर बनावटीची तारीख कोरलेली असते आणि आयुष्य साधारण दहा वर्षांचे. मुदत संपलेले नळकांडे चांगले दिसते म्हणून वापरायचे नाही. अशी नळकांडी आपण छिद्र पाडून भंगारात काढली, तेव्हा काहींना हळहळ वाटली. पण निर्णय बरोबर होता.

साताऱ्याच्या सहकाऱ्यांनी हाच आराखडा नेला आणि त्यात दोन सुधारणा केल्या. तिथला पावसाळा लांब, हवा दमट. हातपंपाने नळकांडे भरताना हवेतले पाणी आत जाते आणि रायफलीचे व्हॉल्व्ह गंजतात, म्हणून त्यांनी पंपाला ओलावा शोषणारी नळी बसवली. दुसरे म्हणजे पालकांच्या बाकासमोर जाड पारदर्शक पडदा. आवाज कमी होतो आणि ‘अगं, सरळ उभी राहा’ ही आईची सूचना मुलीपर्यंत पोचत नाही. दोन्ही सुधारणा आपणही उचलल्या. सातारा-सांगलीची मुले आता महिन्यातून एकदा एकमेकांच्या रेंजवर खेळतात, अनोळखी हॉलची सवय व्हावी म्हणून.

कोरोनाच्या काळात रेंज बंद होती. मुलांनी घरी भिंतीवर ठिपका लावून रिकाम्या रायफलीने सराव केला. पालकांनी नळीतली दोरी तपासून वेळ नोंदवली. त्या वह्या मंडळात जपून ठेवल्या आहेत.

१ ऑगस्ट २०२४ रोजी राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने पॅरिसमध्ये ५० मीटर थ्री पोझिशन प्रकारात ४५१.४ गुणांसह कांस्यपदक मिळवले. दुसऱ्या दिवशी आपल्या हॉलच्या दारात नाव घालायला रांग लागली. त्यांतली निम्मी मुले तालुक्याच्या गावांतली होती: तासगाव, पलूस, कराड, कोरेगाव. रोज एवढे अंतर येणे-जाणे त्यांना परवडत नाही. काही जण महिन्याभरात गळाले, आणि त्यात त्यांचा दोष नव्हता.

म्हणून ही स्मरणिका हाती घेणाऱ्या शाळांच्या मुख्याध्यापकांना आणि संस्थाचालकांना विनंती आहे. आपल्या शाळेत सोळा मीटर लांबीचा, एका बाजूला पक्की भिंत असलेला बंद हॉल रिकामा असेल तर मंडळाशी बोला. आराखडा, पेट्यांची मापे, नियमांचा तक्ता आणि सुरुवातीच्या तीन महिन्यांसाठी प्रशिक्षक आम्ही विनामूल्य देऊ. अट तीच, जी आमच्या ज्येष्ठांनी आम्हाला घातली होती. आधी भिंत, पेट्या, दार आणि दिवा, रायफल त्यानंतर.